एमबीए की कॉर्नरचा प्लॉट

६ जानेवारी
(पहाटे लिहायचं होतं. आता साडेदहा.)

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. कुणाला दाखवायची नाही, पण पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची सोय म्हणून थोडक्यात: मी आनंदराज व्यंकटी सोनकांबळे, नांदेड. वय अठ्ठावीस. बी.कॉम. सध्या एका बियाण्याच्या कंपनीत टेरिटरी असिस्टंट. सध्या हा शब्द महत्त्वाचा.

बाबा डिसेंबरात एसटीतून रिटायर झाले. ड्रायव्हर होते. काल जेवताना म्हणाले, मिळालेल्या पैशातला एक हिस्सा तुझ्यासाठी बाजूला काढलाय. एकदाच देईन. एमबीए कर, नाहीतर तुझ्या त्या रिअल इस्टेटीत घाल. "उन्हाळ्यापातुर सांग."

मी म्हणालो, उन्हाळा कशाला? आठ दिवसांत सांगतो.

बाबांनी भाकरी मोडली. आईनं विचारलं, वरण वाढू का. एवढा मोठा क्षण, आणि घरात कुणालाच त्याचं काही नाही.

८ जानेवारी

कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे एमबीए, उजवीकडे रिअल इस्टेट. दोन रंगांचे पेन आणले. एमबीए: नेटवर्क, पॅकेज, टाय. रिअल इस्टेट: पॅसिव्ह इन्कम, पांढरा शर्ट, स्वतःचा वेळ. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. म्हणजे मी दोन्हींसाठी लायक आहे. हा निष्कर्ष महत्त्वाचा. थकून झोपलो.

१५ जानेवारी

आठ दिवस झाले. बाबांनी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. घाईत घेतलेले निर्णय चुकतात.

२१ जानेवारी

ठराव: निर्णय होईपर्यंत दोन्हींची तयारी चालू ठेवायची. पहाटे पाच ते सात सीईटीचा अभ्यास. रात्री प्रॉपर्टीवरचे व्हिडिओ.

पुस्तकं आणली. जाड आहेत. पहाटे पाचला जाग आलीही होती. उठावं की नाही याचा विचार करताना आठ वाजले. व्हिडिओचा भाग मात्र काटेकोर पाळला. एक सर सांगतात, नोकरी करणारा माणूस दुसऱ्याचं स्वप्न पूर्ण करत असतो. अंगावर काटा आला. मी चार वर्षं दुसऱ्याचं सोयाबीन पूर्ण करून राहिलो.

२ फेब्रुवारी

राजीनामा दिला!

काल हदगावला दुकानदारांसमोर साहेबांनी विचारलं, हरभऱ्याच्या बॅगा कुठं पाठवल्या? मी बिलोलीला पाठवल्या होत्या. पाठवायच्या हदगावला होत्या. साहेब चारचौघांत बोलले. मी शांतपणे म्हणालो, माझ्याकडे सध्या दोन मोठे पर्याय आहेत. साहेब म्हणाले, मग जा की.

हे त्यांचं हरणं होतं.

घरी सुट्टी घेतली म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, कंपनी लई सुट्ट्या देऊन राहिली.

१५ फेब्रुवारी, लातूर

पंचफुला आत्याकडे आलो. क्लाससाठी, असं घरी सांगितलंय, आणि ते खरंही आहे. लातूर म्हणजे शिक्षणाची खाण. फक्त ही खाण डॉक्टरांची निघाली. ज्या गल्लीत बघावं तिथं नीट, नीट आणि नीट. एमबीए सीईटीचा एकच क्लास सापडला, तोही एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही तिघे विद्यार्थी. सरांनी विचारलं, कोणता टॉपिक अवघड जातो? तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सर समजले. म्हणाले, मग उद्यापासून.

आत्या विचारते, एमबीए म्हणजे नक्की कोण होतो? मी सांगितलं, मॅनेजर. कशाचा? म्हटलं, ते नंतर ठरतं.

२४ फेब्रुवारी

नशीब कसं काम करतं! क्लासखालच्या चहाच्या टपरीवर रामकिशनभाऊ भेटले. पांढरे कपडे, दोन फोन, बाहेर जीप. औशाच्या पुढे, किल्लारीच्या बाजूला त्यांचा लेआउट आहे. मी रिअल इस्टेटवर चार वाक्यं बोललो, तर म्हणाले, तुमच्यासारखी माणसं लातुरात आहेत कुठं? लगेच जीपमध्ये घालून साईटवर नेलं. वाटेत उसाचा रस पाजला.

लेआउटचं नाव ग्रीन पॅराडाईज. एक बाभळ आहे. चुना मारलेले दगड ओळीनं रोवलेत. भाऊंनी हात करून दाखवलं: इथं नियोजित बगीचा, तिथं नियोजित शाळा, समोर नियोजित साठ फुटी रस्ता. मी विचारलं, एन.ए. झालंय का? भाऊ म्हणाले, "झालंच समजा." भूकंपाचं काय? म्हणाले, प्लॉट भूकंपरोधक आहे, रिकाम्या जमिनीला काय होणार? बिनतोड.

कॉर्नरचा प्लॉट त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवलाय. तोंडी.

आज क्लास बुडाला. पण खरं शिक्षण असंच होतं.

३ मार्च

रामकिशनभाऊंनी मला असोसिएट केलं. पगार नाही. गिऱ्हाईक आणायचं, त्यावर कमिशन, आणि त्यातून माझ्या प्लॉटला सवलत. कार्डं छापून घेतली: आनंदराज सोनकांबळे, इन्व्हेस्टर. अजून काही इन्व्हेस्ट केलेलं नाही, पण शब्दाचा अर्थ वृत्ती असा घ्यायचा.

पहिलं कार्ड आत्याला दिलं. तिनं कौतुकानं फ्रिजवर ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर मागे गॅसवाल्याचा नंबर लिहिला होता.

११ मार्च

गिऱ्हाईक मिळेना. ठराव: घरापासून सुरुवात. आत्याला साईटवर नेलं. तिनं विचारलं, पाणी? भाऊ म्हणाले, नियोजित. आत्या म्हणाली, लातुरात राहून पाण्याचं मला सांगता? मग बांधावर गेली, शेजारच्या रानातल्या बाईशी बोलत बसली आणि ओटीभर ओला हरभरा घेऊन आली.

"जागा चांगली हाय," जीपमध्ये सोलता सोलता म्हणाली. "हरबरा जोरात येतोय."

गिऱ्हाईक म्हणून आत्या बाद. हरभरा मात्र गोड होता. भाऊंनीही खाल्ला.

२ एप्रिल

सीईटी झाली.

गणितांचा भाग लांबलचक होता. शेवटी मी इन्व्हेस्टरचं तत्त्व वापरलं: सगळे पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. ए, बी, सी, डी चौघांनाही सारखी संधी दिली. इंग्रजीच्या उताऱ्यात मधमाश्या होत्या. त्या माझ्या बाजूनं आहेत असं वाटलं.

बाहेर आल्यावर क्लासमधले दोघे उत्तरं जुळवत होते. मी जुळवली नाहीत. जे गेलं ते गेलं.

१४ एप्रिल, नांदेड

जयंतीला घरी आलो. सकाळी विहारात, संध्याकाळी मिरवणुकीत. सगळा मोहल्ला नवीन कपड्यांत. भेटेल तो विचारत होता, सध्या काय करून राहिलास? मी प्रत्येकाला कार्ड दिलं. तीसेक कार्डं गेली. याला म्हणतात नेटवर्किंग.

मग घोळ झाला. जुन्या कंपनीचा गोडाऊन कीपर गर्दीत बाबांना भेटला आणि म्हणाला, पोरानं चांगली नोकरी सोडली राव. मी दोन पावलांवर होतो. डीजे मोठ्यानं चालू होता, तरी मला नेमकं तेवढंच ऐकू आलं.

बाबा पुढं चालत राहिले, मी शेजारी. खीर वाटत होते तिथं थांबले, एक द्रोण मला दिला, एक स्वतः घेतला. खाऊन झाल्यावर म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

बस. एवढंच. ओरडले असते तर मी माझी बाजू मांडली असती. पाठ होती.

२७ एप्रिल

बिलोलीला मुलगी बघायला गेलो. प्रियदर्शनी. स्वभावानं शांत. मला पाच मिनिटं बोलायला दिलं, मी पाऊण तास बोललो. तिला सातबारा म्हणजे काय ते सोपं करून सांगितलं. फेरफार, एन.ए., लेआउट, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती. एकदाच विचारलं, तुमच्या त्या लेआउटचा गट नंबर किती? मी हसलो. म्हणालो, ते ऑपरेशन्सचं काम, मी स्ट्रॅटेजी बघतो. ती पाणी प्यायली. खूप पाणी प्यायली.

इम्प्रेशन उत्तम पडलं.

परतीच्या बसमध्ये आईनं सांगितलं, मुलगी तलाठी आहे.

आधी सांगायचं ना! आई म्हणाली, बायोडाटा दिला होता तुला. तू त्याच्या पाठीवर हिशोब मांडून राहिलास. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. रस्ता खराब होता, त्यानंही हलले असतील.

४ मे

प्रियदर्शनीचा स्वतःहून फोन! म्हणाली, स्थळाचं घरचे कळवतीलच, पण मला एक सांगावंसं वाटलं. इसाराचे पैसे द्यायच्या आधी त्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि नकाशावर तो साठ फुटी रस्ता आहे का तेही. ऑनलाईन दिसतं सगळं.

मी आभार मानले. उघड आहे, तिला माझी काळजी वाटते. (संध्याकाळी तिच्या वडिलांचा नकार आला. घरच्यांच्या दबावाखाली असणार.)

सातबारा बघायचं ठरवलं. रामकिशनभाऊंना गट नंबर विचारला. म्हणाले, विश्वास नाही का? मला ओशाळल्यासारखं झालं. विषय बदलला.

२८ मे, लातूर

सीईटीचा निकाल. पर्सेंटाईल या वहीत लिहिणार नाही. आत्याला सांगितला तेव्हा ती म्हणाली, पास झालास ना मग? शंभरपैकी असतात असं तिला वाटलं. तरीही तिनं जरा थांबूनच विचारलं.

उपाय सापडला. इथल्या एका खासगी इन्स्टिट्यूटमध्ये मुलाखतीवर डिप्लोमा मिळतो. त्यालाही लोक एमबीएच म्हणतात.

३ जून

मुलाखत. आयुष्यातला सर्वोत्तम परफॉर्मन्स!

डायरेक्टर सर आणि एक मॅडम. सुरुवातीला दोघंही पेंगत होते. सरांनी विचारलं, गणितात इतके कमी का? मी म्हणालो, सर, सध्या मी फील्डवर आहे, रिअल इस्टेटमध्ये. सर सरळ होऊन बसले. कुठं? काय भाव? कॉर्नर शिल्लक आहे का? मग मी जो सुटलो! नियोजित बगीचा, नियोजित शाळा, साठ फुटी रस्ता, भूकंपरोधक. मॅडमनी लिहून घेतलं. शिपाई दोनदा डोकावून गेला, बाहेर पुढची मुलं खोळंबली होती.

शेवटी सर म्हणाले, "सोनकांबळे, तुम्हाला एमबीएची गरजच नाही. तुम्ही ऑलरेडी फील्डमध्ये आहात." उभं राहून हात मिळवला. माझं कार्ड मागून घेतलं.

बाहेर आल्यावर जिन्यात लक्षात आलं की ॲडमिशन मिळाली की नाकारली ते कळलंच नाही.

९ जून

नाकारली. यादी लागली.

म्हणजे निर्णय आपोआप झाला. रिअल इस्टेट! ताबडतोब रामकिशनभाऊंकडे गेलो. भाऊ खुशीत होते. म्हणाले, एक कॉलेजचे साहेब आले होते, तुमचं कार्ड घेऊन. इसार देऊन कॉर्नरचा प्लॉट बुक करून गेले.

माझा कॉर्नर.

कमिशनचं विचारलं. भाऊ म्हणाले, साहेब डायरेक्ट आले ना, तुम्ही कुठं आणले? वर म्हणाले, धंदा वाढून राहिला, आता शिकलेला माणूस लागेल. आमचा पोरगा आदिनाथ पुण्याला एमबीएला चाललाय. तुम्ही बी करा. मग या, ठेवून घेऊ तुम्हाला.

एमबीएवाले म्हणतात प्लॉट, प्लॉटवाले म्हणतात एमबीए. दोघांनाही माझी किंमत कळलेली दिसत नाही.

भाऊंनी फेज टूमध्ये एक प्लॉट दाखवला. कागदावर. ठराव: बाबांना बोलावून घ्यायचं. इसार द्यायचा. आता मागं हटणे नाही.

१८ जून, लातूर

हे सगळं नीट लिहायचंय.

बाबा सकाळच्या गाडीनं आले. भाऊ म्हणाले, तुम्ही पुढं व्हा, मी पोचतो. औशाहून रिक्षा करून आम्ही साईटवर गेलो.

साईट नव्हती.

म्हणजे जमीन होती. बाभळ होती. पण दगड नव्हते. सगळं रान नांगरून पेरलं होतं. बांधावर एक बाई पाटी घेऊन उभी होती. सरजाबाई, मार्चमध्ये आत्याला हरभरा देणारी तीच. बाबांनी विचारलं, मावशी, हे रान कुणाचं? म्हणाली, आमचंच की, दोघा दिरांचं आन आमचं. इकायचं कधी बोललो न्हाई. कुणीतरी येऊन दगडं रोवून जातंय, आम्ही ती बांधाला लावतो.

तेवढ्यात पांढरी कार येऊन थांबली. डायरेक्टर सर. बायको आणि सासरे बरोबर. बूट चिखलात, हातात लेआउटचा नकाशा, कॉर्नर शोधत होते. मला बघून हसले. म्हणाले, बरं झालं भेटलात, जरा दाखवा बरं.

मी बाभळीकडे बघत राहिलो.

सरजाबाईंनीच त्यांना सांगितलं. सरांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी खिशातून माझं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. इन्व्हेस्टर. "तुम्ही म्हणालात म्हणून मी चौकशी केली नाही," ते म्हणाले. सासरे दुसरीकडे बघत होते. मला वाटतं इसार त्यांनीच दिला असावा.

भाऊंना फोन लावला. एक बंद, दुसरा मीटिंगमध्ये.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरंच. रस्ता कुठल्या दिशेला आहे हेही बघून ठेवलं. पण बाबा सरांना म्हणाले, "साहेब, त्याचं घर ठावं हाय का? चला. मी येतो संगं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बी."

भाऊंच्या घरी त्यांची बायको म्हणाली, बाहेरगावी गेलेत. बाबा म्हणाले, हरकत नाही ताई, थांबतो. आणि ओट्यावर बसले. सर बसले. मी बसलो. तिनं चहा दिला, बाबांनी घेतला. जेवायचं विचारलं, नको म्हणाले. वाद नाही, शिवी नाही. गल्लीतला जाणारा-येणारा विचारायचा, कोण पाहुणे? बाबा शांतपणे सगळं सांगायचे, गट, दगड, इसार, पहिल्यापासून. दुपारपर्यंत गल्लीत गर्दी झाली. सरांनी मध्येच हळूच विचारलं, असं किती वेळ बसायचं? बाबा म्हणाले, घाट बंद पडला की गाडी लावून बसतोच की माणूस.

दिवस मावळायच्या आत बाहेरगावी गेलेले रामकिशनभाऊ मागच्या खोलीतून बाहेर आले. आदिनाथ गाडीवर बँकेत की कुठंतरी जाऊन आला. सरांचा इसार परत मिळाला. पूर्ण.

सर बाबांच्या पाया पडायला वाकले. बाबांनी धरलं. मी सरांना सॉरी म्हणालो. एकदाच, आणि त्यापुढं काहीही जोडलं नाही. जोडायला होतं बरंच.

१९ जून, नांदेड

येताना गाडीत बाबांना म्हणालो, एक तरी बरं झालं, मी वेळेत निर्णय घेतला नाही म्हणून आपले पैसे वाचले. थांबण्यालाही स्ट्रॅटेजी म्हणतात.

बाबा म्हणाले, झोप आता.

४ जुलै

जुन्या साहेबांना फोन केला. जागा भरली. बिलोलीलाही फोन केला, आभार मानायला. प्रियदर्शनीचं लग्न ठरलंय, परभणीला. तिनं आधी विचारलं, इसार दिला नव्हता ना? नाही म्हटल्यावर म्हणाली, बरं झालं. आणि खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाली. मी अभिनंदन केलं. फोन ठेवून बराच वेळ गच्चीवर होतो. काही विशेष नाही, हवा चांगली होती.

ठराव: पुढच्या वर्षी सीईटी. यावेळी गणितापासून सुरुवात.

१२ जुलै

बाबांनी पैसे खर्च केले.

मला न विचारता! उन्हाळा संपून महिना झाला, म्हणाले. सेकंडहँड व्हॅन घेतली. शाळेची पोरं ने-आण करणार. घरी बसून पाय आखडून राहिले म्हणे. पोरांना चढवायला-उतरवायला माणूस लागतो. आई म्हणाली, बाहेरचा कशाला ठेवायचा?

सगळे माझ्याकडे बघत होते.

२१ जुलै

व्हॅनचा दुसरा आठवडा. हे तात्पुरतं आहे. पण शिकण्यासारखं आहे: रूट प्लॅनिंग, कस्टमर हँडलिंग. पुढे पाच व्हॅन, मग दहा, आणि मी ऑफिसात. रात्री आकृती काढली. दोन रंगांत.

सकाळी बाबा गाडी चालवतात, मी दारात. दप्तरं घ्यायची, पोरं मोजायची, रडणाऱ्याला खिडकीपाशी बसवायचं. आज तरोडा नाक्यावर केजीतली एक चिमुरडी चढली. नवीन ॲडमिशन. जागेवर बसली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अंकल, तुम्ही मोठे होऊन कोण होणार?"

आरशात बाबांचे डोळे दिसले. वाट बघत होते.

मी म्हणालो, अजून ठरायचंय.

"मग दार लावा," ती म्हणाली. "उशीर होतोय."

लावलं.